जर्मनीत एक सेमिस्टर: एक्सचेंजला जाणाऱ्यांनी कोणतं काम कधी करावं

जर्मनीतल्या विद्यापीठात एका सेमिस्टरसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यासापेक्षा तारखा जास्त अडवतात. घराचे करार, आरोग्य विमा, परीक्षेची नोंदणी, परदेशी नागरिकांचं कार्यालय, ही सगळी व्यवस्था दोन-तीन वर्षं राहणाऱ्यांसाठी बसवलेली आहे. त्यांचं एखादं काम महिनाभर रेंगाळलं तरी निभावून जातं. सहा महिन्यांसाठी आलेल्याचं तसं नसतं. एक नोंदणी हुकली तर त्या विषयाचे क्रेडिट गेले, कारण पुढची परीक्षा होईल तेव्हा तो जर्मनीत नसतो. म्हणून या लेखात कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने दिली आहेत. रकमा आणि नियम बदलत असतात, म्हणून शक्य तिथे वर्षही दिलं आहे.

आधी सेमिस्टर निवडा, मग शहर

जर्मन विद्यापीठांत वर्षाची दोन सत्रं असतात. हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च आणि उन्हाळी सत्र १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. ही झाली कागदावरची मुदत. प्रत्यक्ष तास हिवाळ्यात ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत किंवा मध्यापर्यंत चालतात, उन्हाळ्यात एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत. परीक्षा बहुधा तास संपल्यावर असतात. होखशूल, म्हणजे उपयोजित विज्ञानांची विद्यापीठं, साधारण महिनाभर आधी सुरू होतात: सप्टेंबर किंवा मार्चमध्ये.

बहुतेक गोंधळाचं मूळ इथे आहे. तुमच्या मूळ विद्यापीठाचं पुढचं सत्र जानेवारीत सुरू होत असेल आणि तुम्ही हिवाळी सत्राला गेलात, तर जर्मनीतल्या परीक्षा फेब्रुवारीत आणि इकडचे तास जानेवारीत, अशी गाठ पडते. मधूनच निघून आलात तर हातात एकही गुण येत नाही. त्यामुळे अर्ज करण्याआधी दोन्ही विद्यापीठांची कॅलेंडरं शेजारी ठेवून परीक्षेचा शेवटचा आठवडा शोधा. मानहाइम विद्यापीठ याला अपवाद आहे. तिथलं शरद सत्र सप्टेंबर ते डिसेंबर आणि वसंत सत्र फेब्रुवारी ते जून असं बसवलेलं आहे. तुमच्या विद्यापीठाचा अशा ठिकाणाशी करार असेल तर हा प्रश्नच मिटतो. नसेल, तर अनेकांना उन्हाळी सत्र सोयीचं पडतं. ते हिवाळ्यापेक्षा आटोपशीर असतं आणि घरं तुलनेने लवकर मिळतात, कारण जर्मन विद्यार्थ्यांचा मोठा लोंढा ऑक्टोबरमध्ये येतो.

अर्जाचा प्रवास ठरलेला असतो. तुमचं विद्यापीठ तुमचं नाव कळवतं, त्याला नॉमिनेशन म्हणतात. मग तुम्ही यजमान विद्यापीठाच्या पोर्टलवर अर्ज भरता आणि शेवटी प्रवेशपत्र येतं. हिवाळी सत्राच्या या तारखा बहुधा एप्रिल ते जुलैच्या मध्यापर्यंत आणि उन्हाळी सत्राच्या ऑक्टोबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत पसरलेल्या असतात. नॉमिनेशन म्हणजे अर्ज नव्हे. नाव कळवल्यावर काहीच न करता वाट पाहत बसणारे विद्यार्थी दरवर्षी अर्जाची मुदत चुकवतात.

लर्निंग अ‍ॅग्रीमेंट: सही कधी घेता हे महत्त्वाचं

कोणते विषय घ्यायचे आणि त्यांच्या बदल्यात मूळ विद्यापीठात कोणते विषय माफ होतील, याचा तीन बाजूंचा करार म्हणजे लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. तुमची, मूळ विभागाची आणि यजमान विभागाची, अशा तिन्ही सह्या निघण्याआधी हव्यात. परत आल्यावर क्रेडिट मागायला गेलात तर ‘हा विषय आमच्या अभ्यासक्रमाशी जुळत नाही’ या उत्तरावर तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. आधीची सही असेल तर ती चर्चाच होत नाही.

युरोपातली क्रेडिट पद्धत, म्हणजे ईसीटीएस, १९८९ साली एरास्मुस या युरोपीय विद्यार्थी-देवाणघेवाण कार्यक्रमातून सुरू झाली. पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट, एका सत्राचे ३०. हा आकडा तासांवर नाही, विद्यार्थ्याच्या एकूण मेहनतीवर बेतलेला आहे. जर्मनीत एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तास धरतात. ६ क्रेडिटचा विषय घेतलात तर एकूण १८० तासांचं काम झालं. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास वर्ग भरला, तरी पंधरा आठवड्यांत ते ४५ घड्याळी तास होतात. उरलेले तास वाचन, गणितं, प्रकल्प आणि परीक्षेची तयारी यांचे. वेळापत्रकात आठवड्याचे तीन दिवस मोकळे दिसतात म्हणून विषय वाढवू नका, ते दिवस आधीच खर्ची पडलेले असतात. मूळ विद्यापीठाची सक्ती नसेल तर मुख्य विषयांचे २० ते २४ क्रेडिट आणि वर एखादा जर्मन भाषेचा वर्ग इतकंच घ्यावं.

विषय निवडताना प्रत्येकाबद्दल चार गोष्टी तपासा: तो त्याच सत्रात शिकवला जातो का (अनेक विषय फक्त हिवाळ्यात किंवा फक्त उन्हाळ्यात असतात), शिकवण्याची भाषा कोणती, परीक्षा कोणत्या प्रकारची, आणि एक्सचेंजच्या विद्यार्थ्यांना तो खुला आहे का. हे सगळं मोडूलहांडबुखमध्ये, म्हणजे विभागाच्या विषयपुस्तिकेत सापडतं. पुस्तिकेत विषय आहे म्हणजे तो या सत्रात होणार असं मात्र समजू नका. त्यासाठी त्या सत्राची व्याख्यानसूची वेगळी पाहावी लागते आणि ती बऱ्याचदा सत्राच्या तोंडावरच लागते. त्यामुळे यादीत दोन-तीन पर्यायी विषयही आधीच मंजूर करून घ्या. तिकडे पोहोचल्यावर वेळा एकमेकींवर येतात, वर्ग भरून जातात, आणि त्या धावपळीत इकडच्या विभागप्रमुखांकडून नवीन सही मिळवणं कठीण होतं. बदल करावाच लागला तर पहिल्या काही आठवड्यांतच लेखी करा. तोंडी ‘चालेल’ हे पुढे कुणाला आठवत नाही.

गुणांचं रूपांतरही निघण्याआधीच विचारून ठेवा. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण, ४.० काठावर पास आणि ५.० नापास. रूपांतरासाठी सुधारित बव्हेरियन सूत्र प्रचलित आहे. आपल्या पद्धतीतले कमाल गुण वजा मिळालेले गुण, भागिले कमाल वजा किमान पासाचे गुण, गुणिले ३, अधिक १. दहाच्या मापात ४ ला पास धरलं, तर ८ गुण म्हणजे जर्मन २.० आणि ६ गुण म्हणजे ३.०. मूळ विद्यापीठ हेच सूत्र उलटं वापरेल असं नाही. काही ठिकाणी फक्त ‘उत्तीर्ण’ एवढीच नोंद होते. तसं असेल तर अवघड पण आवडीचा विषय निर्धास्त घ्यावा.

घर: प्रवेशपत्राची वाट पाहू नका

बर्लिन, म्युनिक, हाम्बुर्ग, फ्रांकफुर्ट, हायडेलबेर्ग अशा शहरांत एका सत्रासाठी खोली मिळवणं हे सगळ्या तयारीतलं सर्वांत कठीण काम आहे. आमच्या मते तिकिटाआधी याला वेळ द्यावा.

पहिला पर्याय श्टुडीरेन्डेनवेर्कचं वसतिगृह. ही विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणारी संस्था विद्यापीठापेक्षा वेगळी असते आणि तिचा अर्जही बहुधा वेगळा असतो. काही विद्यापीठं एक्सचेंजच्या विद्यार्थ्यांसाठी खोल्या राखून ठेवतात, पण अर्जात त्याच्या चौकटीवर खूण करावी लागते. ती राहिली तर तुम्ही सर्वसाधारण प्रतीक्षायादीत जाता. करार सहसा पूर्ण महिन्यांचा आणि सत्राअखेरपर्यंतचा असतो. तुम्ही फेब्रुवारीच्या शेवटी निघालात तरी मार्चचं भाडं द्यावं लागू शकतं, तेव्हा खर्चात ते धरा.

दुसरा पर्याय त्स्विशनमीटं. एखादा विद्यार्थी स्वतः इंटर्नशिपला किंवा परदेशी जातो तेव्हा आपली सामानासह खोली काही महिन्यांसाठी देतो. सहा महिन्यांच्या मुक्कामाला ही पद्धत उत्तम बसते. घेताना मूळ घरमालकाची लेखी परवानगी आहे का आणि त्या पत्त्यावर अधिकृत नोंदणी करता येईल का, हे दोन प्रश्न सर्वांत आधी विचारा. नोंदणीला नकार असेल तर खोली कितीही स्वस्त असो, सोडून द्या. पत्त्याच्या नोंदणीशिवाय पुढची बरीच कामं अडतात.

तिसरा पर्याय सामायिक घर, ज्याला तिकडे ‘वेगे’ म्हणतात. तिथे सहनिवासी तुमची छोटीशी मुलाखत घेतात, आता ती बऱ्याचदा व्हिडिओवर होते. विनंतीचा संदेश जर्मनमध्ये, चार-पाच ओळींत, नेमक्या तारखांसह लिहिलात तर उत्तर येण्याची शक्यता वाढते.

जाहिरातीत दोन भाडी दिसतात. काल्टमीटं म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. वार्ममीटं म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे मिळवून. वीज आणि इंटरनेट वार्ममीटंमध्ये धरलेत का, हे वेगळं विचारा. ‘मोब्लीर्ट’, म्हणजे सामानासह, असं लिहिलेलं नसेल तर खोली रिकामी मिळेल आणि स्वतंत्र घर असेल तर कधीकधी स्वयंपाकघरातली कपाटं आणि शेगडीसुद्धा नसेल.

अनामत रकमेवर कायद्याची मर्यादा आहे: जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटं. ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे आणि पहिला हप्ता करार सुरू होताना देय होतो. काल्टमीटं ३०० युरो असेल तर अनामत ९०० युरोंच्या वर जाऊ शकत नाही.

फसवणुकीचा नमुना ओळखून ठेवा. फोटो फार सुंदर, भाडं त्या शहराच्या मानाने फार कमी, मालक ‘सध्या परदेशात’, आणि पैसे आधी पाठवा, किल्ली कुरियरने येईल असा आग्रह. खोली कुणीतरी प्रत्यक्ष किंवा थेट व्हिडिओवर पाहिल्याशिवाय आणि सही झालेला करार हातात आल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. पासपोर्टची प्रत मागितली तर तीही नको.

व्हिसा, बंद खातं आणि विमा

भारतीय पासपोर्टवर ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर शेंगेन पर्यटक व्हिसा चालत नाही. ‘डी’ प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा लागतो आणि त्याचं शुल्क ७५ युरो आहे. १ जानेवारी २०२५ पासून जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर हा अर्ज भरता येतो. बोटांचे ठसे आणि मूळ कागद यांसाठी जावं लागतंच. निर्णयाला काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो, म्हणून प्रवेशपत्र येईपर्यंत बाकी सगळे कागद तयार हवेत.

खर्चाची तजवीज दाखवण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे श्पेरकोन्टो, बंद खातं. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी महिना ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो असा हिशेब आहे. मुक्काम वर्षापेक्षा कमी असेल तर किती महिन्यांची रक्कम मागतात, हे दूतावासाच्या सध्याच्या कागदयादीत पाहूनच पैसे भरा. जास्त भरलेले पैसे खातं बंद होईपर्यंत अडकून राहतात. शिष्यवृत्ती तेवढ्या रकमेची असेल तर तिचं पत्र चालतं.

या खात्याबद्दल एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते. पैसे जमा असले तरी तिकडे उतरल्या दिवशी ते हातात येत नाहीत. खातं चालू करायला ओळख पटवावी लागते, बहुधा जर्मनीतल्या चालू खात्याचा क्रमांक द्यावा लागतो, आणि मग दर महिन्याला ठरलेला हप्ताच सुटतो. आणि सर्वांत जास्त खर्च पहिल्याच महिन्यात असतो: अनामत, पहिलं भाडं, विद्यापीठाचं सत्रशुल्क, विमा, अंथरूण-पांघरूण. तेवढे पैसे बंद खात्याबाहेर, परदेशात चालणाऱ्या कार्डावर ठेवा.

विद्यापीठात नाव नोंदवण्यासाठी आरोग्य विम्याची स्थिती कळवणं सक्तीचं आहे. तुम्ही कागद नेऊन देत नाही, सार्वजनिक विमा कंपनी ती थेट इलेक्ट्रॉनिक पद्धतीने विद्यापीठाला कळवते. विद्यापीठांच्या पत्रांत त्याला ‘एम १०’ म्हणतात. खासगी विमा चालणार असला तरीही सूट मिळाल्याचा संदेश सार्वजनिक कंपनीकडूनच जावा लागतो, आणि एकदा घेतलेली ही सूट त्या शिक्षणापुरती मागे घेता येत नाही. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक विम्याचा सवलतीचा दर मिळतो. २०२५ मध्ये तो महिना साधारण १४० ते १५० युरो होता. आम्ही सार्वजनिक विमाच सुचवतो: डॉक्टरकडे कार्ड दाखवलं की बिलाची, परताव्याची भानगड नाही. मात्र हा विमा सत्र सुरू झाल्याच्या तारखेपासून लागू होतो. तुम्ही १० सप्टेंबरला पोहोचलात आणि सत्र १ ऑक्टोबरला सुरू होत असेल, तर मधल्या तीन आठवड्यांसाठी प्रवास विमा लागतो.

याशिवाय हाफ्टप्फ्लिश्ट, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, घ्याच. महिन्याला काही युरोंत मिळतो. अनेक वसतिगृहांत सगळ्या इमारतीला एकच कुलूपव्यवस्था असते आणि एक किल्ली हरवली तर अनेक कुलुपं बदलण्याचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. पॉलिसीत किल्ली हरवण्याचा समावेश आहे का, ते पाहा.

पहिले दोन आठवडे

खोली ताब्यात घेताना उबरगाबंप्रोटोकोल भरतात, म्हणजे खोलीच्या स्थितीची नोंद. भिंतीवरचे डाग, खिडकीची कडी, गादी, मीटरचे आकडे, सगळं त्यात लिहा आणि त्याच दिवशी फोटो काढा. निघताना अनामत परत मिळणं या एका कागदावर ठरतं.

लगेच पत्रपेटीवर आणि घंटीवर आपलं नाव लावा. पासपोर्टवर आहे तेच आडनाव. जर्मनीत बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, कर क्रमांक, सरकारी पत्रं, सगळं टपालाने येतं आणि पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. कुणी कळवत नाही. अनेकांचे पहिले दीड-दोन महिने याच एका कारणाने वाया जातात.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, ब्युर्गरआम्ट या नागरिक सेवा कार्यालयात करायची असते. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाने सही केलेलं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे तुम्ही तिथे राहायला आल्याचं पत्र, न्यावं लागतं. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही. मोठ्या शहरांत भेटीची वेळ आठवडेआठवडे मिळत नाही, म्हणून निघण्याआधीच ऑनलाइन पाहत राहा. सकाळी कार्यालय उघडताना रद्द झालेल्या वेळा दिसतात. वेळ दोन आठवड्यांनंतरची मिळाली तर ती मुदतीत घेतल्याचा पुरावा जपून ठेवा.

या नोंदणीनंतर काही आठवड्यांत रुंडफुंकबायट्रागचं पत्र येतं. हे सार्वजनिक प्रसारणाचं शुल्क आहे, ऑगस्ट २०२१ पासून महिना १८.३६ युरो, आणि ते माणशी नसून घरामागे आहे. तुमच्याकडे टीव्ही नसला तरी लागतं. सामायिक घरात एकजण भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवा, तुमचं माफ होतं. पत्र बाजूला टाकून दिलं तर थकबाकी साचत जाते.

विद्यापीठातली नावनोंदणी म्हणजे इमाट्रिकुलाट्सिओन. करारामुळे शिकवणी शुल्क माफ असलं तरी सेमेस्टरबायट्राग भरावा लागतो. तो विद्यापीठागणिक सुमारे १०० ते ४०० युरोंच्या दरम्यान असतो. अनेक ठिकाणी त्यातच प्रवासाचं तिकीट येतं. देशभर चालणाऱ्या सेमिस्टर तिकिटाचा दर डॉइचलांड तिकिटाच्या, म्हणजे सर्वांसाठीच्या देशभर चालणाऱ्या मासिक तिकिटाच्या, ६० टक्के ठेवलेला आहे. जानेवारी २०२६ पासून मूळ तिकीट ६३ युरो झालं, त्यामुळे विद्यार्थ्याला महिना ३७.८० युरो पडतात. त्यावर बस, ट्राम, एस-बान (उपनगरी रेल्वे), यू-बान (भुयारी रेल्वे) आणि प्रादेशिक गाड्या चालतात, आयसी आणि आयसीई या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत.

व्हिसाच्या स्टिकरवरची शेवटची तारीख पाहा. ती परीक्षा आणि परतीच्या तारखेपलीकडची असेल तर वेगळा निवासपरवाना काढण्याचं कारण नाही. तीनच महिन्यांचा व्हिसा दिला असेल तर आउसलेन्डरबेहोर्डेची, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची, वेळ पहिल्याच आठवड्यात मागा आणि अर्ज काहीही झालं तरी व्हिसा संपण्याआधी दाखल करा.

मोबाइलसाठी प्रीपेड सिम पुरेसं आहे. ते घेताना पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते. स्वस्त दिसणारे २४ महिन्यांचे करार घेऊ नका.

वर्गाची नोंदणी वेगळी, परीक्षेची वेगळी

एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवलीत तरी लेखाचं काम झालं. वर्गात नाव घातलं म्हणजे परीक्षेत नाव लागलं, असं नसतं. परीक्षेची नोंदणी वेगळ्या पोर्टलवर, सत्राच्या मध्यावर कधीतरी, थोड्या दिवसांसाठी उघडते. ती हुकली तर सत्रभर पहिल्या बाकावर बसलेल्यालाही परीक्षा देता येत नाही. विभागाच्या परीक्षा कार्यालयाच्या संकेतस्थळावर ही तारीख असते. पहिल्याच आठवड्यात ती शोधून ठेवा आणि एक्सचेंजच्या विद्यार्थ्यांनी ऑनलाइन नोंदवायचं की कागदी अर्ज द्यायचा, हे समन्वयकाला विचारा. काही विभागांत प्राध्यापकच सहीचा दाखला देतात आणि तो तुम्ही आंतरराष्ट्रीय कार्यालयात पोहोचवायचा असतो. नाव मागे घेण्याचीही मुदत असते. त्यानंतर न सांगता गैरहजर राहिलात तर गुणपत्रकावर ५.० येतो. आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन दाखला घ्या, दुसऱ्या दिवशीचा दाखला बहुतेक ठिकाणी अडतो.

व्याख्यानाला हजेरी सहसा घेत नाहीत आणि पूर्ण विषयाचे गुण बऱ्याचदा शेवटच्या एका लेखी परीक्षेवर असतात. त्यामुळे सत्राचा पूर्वार्ध निवांत वाटतो. पण विज्ञान-अभियांत्रिकीत व्याख्यानाला जोडून युबुंग असतात, म्हणजे सरावाचे तास. त्यांत दर आठवड्याला उदाहरणांचा कागद मिळतो आणि कित्येक विषयांत ठरावीक गुण, पुष्कळदा निम्मे, मिळवल्याशिवाय परीक्षेला बसूच देत नाहीत. पहिले दोन कागद सोडून दिलेले पुढे भरून काढणं जड जातं. मानव्यविद्यांत सेमिनार असतात. तिथे एक सादरीकरण आणि शेवटी हाउसआरबाइट, म्हणजे बारा-पंधरा पानांचा निबंध. त्याची मुदत बऱ्याचदा सत्राच्या कागदोपत्री शेवटापर्यंत, मार्च किंवा सप्टेंबरपर्यंत असते. सवड आहे म्हणून घरी परतल्यावर लिहू असं ठरवू नका. ग्रंथालय हाताशी असताना लिहा आणि निघण्याआधी द्या, नाहीतर गुण येईतो मूळ विद्यापीठाची मुदत उलटून जाते.

नापासांसाठीची दुसरी परीक्षा सत्राअखेरीस असते, तेव्हा तुम्ही बहुधा गेलेले असता. म्हणजे व्यवहारात एकच संधी. पहिली परीक्षाच तुमच्या परतीनंतर पडत असेल तर प्राध्यापकांना पहिल्या दोन-तीन आठवड्यांत भेटून लवकर तोंडी परीक्षा घ्याल का, असं विचारा. वेळेवर विचारलं तर पुष्कळ प्राध्यापक मार्ग काढतात, शेवटच्या आठवड्यात ते त्यांच्याही हातात नसतं. ब्लॉकसेमिनार, म्हणजे एक-दोन शनिवार-रविवारांत किंवा एका आठवड्यात उरकणारे वर्ग, एक्सचेंजला फार सोयीचे.

वेळापत्रकात तासापुढे ‘सी. टी.’ असेल तर वर्ग पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो, ‘एस. टी.’ असेल तर ठोक्याला. परीक्षा बहुधा ठोक्याला असतात.

रोजच्या बाबी थोडक्यात. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्थानकांवरची वगळता. नाताळ ते नववर्ष विद्यापीठ आणि कार्यालयं जवळपास ठप्प असतात, त्या काळात कुठलीही मुदत येत असेल तर काम आधीच संपवा. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळावी लागते. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवरचे २५ सेंट दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की परत मिळतात. आणीबाणीत रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२, पोलीस ११०. दवाखाने बंद असताना तातडीच्या पण जिवावर न बेतलेल्या आजारासाठी ११६११७. काम करायचं असेल तर मार्च २०२४ पासून शिकणाऱ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस मुभा आहे, पण तुमच्या व्हिसावर काय लिहिलं आहे ते आधी वाचा.

परतण्याची कामं दोन महिने आधी सुरू करा

खोलीचा करार मुदतीचा असेल तर तो आपोआप संपतो, पण मुदतीआधी सोडता येत नाही. बेमुदत करार असेल तर तीन महिन्यांची नोटीस लागते, म्हणजे काही वेळा राहायला आल्यावर दोन-तीन महिन्यांतच ती द्यावी लागते. सही केलेलं पत्रच पाठवा.

विषयपुस्तिकेतली तुमच्या विषयांची पानं, अभ्यासक्रम, वाचनयादी आणि परीक्षेचं स्वरूप पीडीएफमध्ये उतरवून घ्या. मूळ विभागाला शंका आली की हेच मागतात, आणि नाव कमी झाल्यावर काही दिवसांनी विद्यापीठाचा ईमेल आणि पोर्टल बंद होतं. मुक्कामाच्या तारखांचा दाखला आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून सही-शिक्क्यासह निघण्याच्या आठवड्यात घ्या. गुणपत्रक मात्र लगेच मिळत नाही. शेवटच्या परीक्षेनंतर महिना-दोन महिने धरा आणि ही गोष्ट मूळ विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला आधीच लेखी कळवा.

आबमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद काढणं, निघण्याच्या आधी जास्तीत जास्त एक आठवडा आणि नंतर जास्तीत जास्त दोन आठवडे, एवढ्या पट्ट्यात करायचं. त्याचा दाखला सांभाळा. प्रसारण शुल्क आणि आरोग्य विमा थांबवण्यासाठी तोच लागतो. विम्यासाठी एक्समाट्रिकुलाट्सिओनचाही, म्हणजे विद्यापीठातलं नाव कमी केल्याचाही, कागद द्यावा लागतो. स्वतंत्रपणे घेतलेलं डॉइचलांड तिकीट महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं तर त्याच महिन्याअखेर थांबतं.

बँक खातं सर्वांत शेवटी बंद करा. वीज-पाण्याचा हिशेब बाकी आहे म्हणून घरमालक अनामत काही महिने ठेवून घेऊ शकतो, आणि विम्याचा, शुल्काचा राहिलेला पैसाही त्याच खात्यावर येतो. बँकेत पत्ता बदलून घरचा द्या, फोनवर येणारे सांकेतांक जर्मन क्रमांकावर अवलंबून नाहीत याची खात्री करा, आणि अनामत जमा झाल्यावरच खातं बंद करण्याचं पत्र पाठवा.